नर्सरी-पाळणाघरातल्या ताईंना पगार इतका कमी का, आणि पुढे काय करता येईल

प्रश्न थोडक्यात सांगते. ठाण्याकडच्या एका ताई नर्सरी कम पाळणाघरात चार वर्षं काम करतायत, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा. बारावीनंतर बालशिक्षणाचा वर्षाचा कोर्स केलाय, हातात आठ हजार येतात ते पण रोख, मे महिन्यात सुट्टी म्हणून पगार नाही, आणि घरचे म्हणतात पोरं सांभाळायला काय अक्कल लागते. त्यांनी विचारलंय की हे असं का आहे, हे कधी बदलणार का, आणि हे सोडून मॉलमध्ये काउंटरला लागू का.

मी या क्षेत्रात वीस-पंचवीस वर्षं आहे. आधी बालवाडीत शिकवायचे, मग स्वतःचं पाळणाघर चालवलं, आता पाळणाघरातल्या आणि अंगणवाडीतल्या बायकांचं ट्रेनिंग घेते. म्हणजे हा पगार मी घेतलाय पण आणि दिलाय पण, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकते.

आधी ते "काय अक्कल लागते" बघू, कारण ताई, तुम्हाला सगळ्यात जास्त तेच लागलंय हे तुमच्या लिहिण्यावरून कळतं. आमच्याकडे बेबी रूमला एक ताई होत्या, दहावी झालेल्या, त्यांच्याकडे सव्वा वर्षाचं एक बाळ होतं. बाळ हसरं, खाणंपिणं चांगलं, आईवडिलांना काहीच शंका नव्हती, बोलत नाही तर "मुलगे उशिराच बोलतात" असं आजी सांगायची. ताईंनी आठ-दहा दिवस बघितलं आणि मला येऊन म्हणाल्या, हा मागून हाक मारली की वळत नाही, वाटी आपटली तरी वळत नाही, पण मी पाय आपटून चालले की लगेच वळतो, म्हणजे याला जमिनीचा हादरा कळतोय, आवाज कळत नाहीये. आम्ही आईला बोलावून नीट सांगितलं, आईला आधी राग आला, पण तपासणी करून घेतली आणि दोन्ही कानांना कमी ऐकू येतं हे निघालं, मशीन बसलं. ते मूल आज शाळेत धडाधड बोलतं. हे ज्या बाईनं पकडलं तिचा त्या वेळचा पगार तिथल्याच सोसायटीच्या वॉचमनपेक्षा कमी होता. हे मी अजून विसरले नाही.

आणि हे रोजचं आहे हो. अडीच वर्षांचं मूल चावायला लागलं की त्याला रागावून उपयोग नसतो, ते कधी चावतं हे बघावं लागतं, जेवणाआधी भूक लागल्यावर, की खेळणं काढून घेतल्यावर, की आईची नाईट शिफ्ट असते त्या आठवड्यात. नवीन मूल दारात आईला सोडत नाही तेव्हा आईला चटकन निघून जा म्हणायचं का थांब म्हणायचं, हे प्रत्येक मुलाचं वेगळं असतं, ते ओळखायला वर्षं जातात. एकाला दूध पाजताना दुसऱ्याला पायावर घेऊन थोपटायचं आणि तिसरा टेबलाच्या कडेला चाललाय तिकडे लक्ष ठेवायचं. हे कौशल्य नाही म्हणणाऱ्याला एक दिवस त्या खोलीत बसवा, मी मनापासून सांगते, दुपारपर्यंत बसणार नाही.

मग पैसे का नाहीत? बऱ्याच जणी म्हणतात मालकीण खाते. काही ठिकाणी खातात, मोठ्या ब्रँडच्या नर्सऱ्या तर फ्रँचायझीची फी वरती पाठवतात आणि खाली ताईला सात हजारांत बसवतात, ते आहेच. पण साध्या घरगुती पाळणाघराचा हिशोब तुम्ही एकदा मांडून बघा. एका ताईनं वर्षाच्या आतली बाळं किती सांभाळावी? तीन, फार तर चार, त्यावर गेलं की बाळ रडत पडतं. धरा की पूर्ण दिवसाची फी नऊ हजार आहे. चार बाळांचे झाले छत्तीस हजार. त्यातलं निम्मं जागेचं भाडं, लाईट, स्वयंपाकाच्या मावशी, साफसफाई, औषधं, रिकाम्या जागांचा खड्डा, याच्यात जातं. उरले अठरा. पण पाळणाघर दहा-अकरा तास उघडं असतं, एका बाईनं एवढा वेळ सलग बाळं धरायची म्हणजे अमानुष आहे, म्हणजे दीड माणूस लागतं. एकीच्या वाट्याला आले बारा हजार, आणि मालकिणीनं अजून स्वतःला काही घेतलेलं नाही. पगार वाढवायचा तर दोनच रस्ते दिसतात, एक तर एका ताईकडे चारच्या जागी आठ बाळं द्यायची, नाहीतर फी वाढवायची. पहिला रस्ता बाळांच्या जिवावर जातो, आणि आपल्याकडे बहुतेक जण तोच धरतात.

दुसऱ्या रस्त्याचं काय होतं ते पण बघा. फी वाढली की घरात हिशोब होतो, आणि तो हिशोब कायम आईच्या पगारातून वजा करून होतो, वडिलांच्या कधीच नाही. "तुझा निम्मा पगार पाळणाघरातच जातो, मग नोकरी करतेस कशाला" हे वाक्य मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की विचारू नका. म्हणजे आईचा पगार मुळात कमी, त्याच्यातून ताईचा पगार निघणार, तो आणखी कमी. एका बाईच्या तुटपुंज्या कमाईवर दुसऱ्या बाईची कमाई उभी आहे. हे जोपर्यंत असं आहे तोपर्यंत मालकीण कितीही चांगली असो, तुमचा पगार एका मर्यादेपुढे जाणार नाही. यात तिसरीकडून पैसा आला पाहिजे, सरकारकडून किंवा कंपनीकडून, याशिवाय मला दुसरं उत्तर दिसत नाही.

आणि हे नुसतं माझं मत म्हणून सांगत नाहीये. बालशिक्षणाच्या प्रत्येक सेमिनारमध्ये अमेरिकेतल्या पेरी प्रीस्कूल या बालवाडीचा अभ्यास सांगतात, मिशिगन राज्यात १९६२ ला सुरू झालेला, त्या मुलांकडे पुढे चाळीस वर्षं बघत राहिले आणि नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांनी हिशोब काढून दाखवला की लहान वयात घातलेला पैसा समाजाला कितीतरी पटीनं परत मिळतो. स्लाईड दाखवतात, टाळ्या होतात. पण तिथे शिकवणाऱ्या बाया पदवीधर, सर्टिफाइड शिक्षिका होत्या, एकेकीकडे पाच-सहाच मुलं होती, आणि त्या आठवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी पण जायच्या, आणि या सगळ्याचा खर्च पालकांच्या फीमधून नव्हता झाला, हे कोणी सांगत नाही. निकाल त्यांचा सांगायचा आणि खर्च आपला करायचा, असं कसं चालेल?

आता आपल्याकडे सरकारनं काय केलंय ते बघू, कारण खासगीवाले पगाराचं माप तिथूनच घेतात. अंगणवाडी म्हणजे एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांवर सुरू झाली. तेव्हापासून सेविका आणि मदतनीस "मानसेवी" आहेत, म्हणजे गावातली बाई समाजासाठी थोडा वेळ देते असं धरलेलं. थोडा वेळ! सकाळी मुलांना शिकवायचं, आहार द्यायचा, वजन-उंची घ्यायची, गरोदर बायकांच्या घरी जायचं, लसीकरणाला गोळा करायचं, पोषण ट्रॅकर ॲपवर सगळं भरायचं, वर निवडणुकीला बीएलओ म्हणजे मतदार यादीचं काम, सर्व्हे कुठला पण आला की सेविका, आणि २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे फॉर्म पण त्यांच्याकडेच. त्या फॉर्ममागे ५० रुपये जाहीर झाले होते, ते मिळवायला किती जणींनी चकरा मारल्या ते त्यांनाच विचारा.

पैशाचं बघा. केंद्रानं आपला वाटा शेवटचा वाढवला तो ऑक्टोबर २०१८ पासून, सेविकेला ३००० चे ४५००, मदतनीसला १५०० चे २२५०. त्यावर राज्य आपली भर घालतं. महाराष्ट्रात २०२३ मध्ये सेविकेचे ८३२५ चे १०,००० झाले आणि मदतनीसचे ४४२५ चे ५५००, मग ऑक्टोबर २०२४ मध्ये सेविकेला ३००० वाढ आणि वर २००० पर्यंत प्रोत्साहन भत्ता, मदतनीसला २००० आणि १००० पर्यंत भत्ता. वाचायला बरं वाटतं, पण यातलं काही आपोआप झालेलं नाही. २०१७ ला जवळपास महिनाभर संप झाला, ४ डिसेंबर २०२३ पासून परत पन्नासएक दिवस, लेकरं घेऊन बाया आझाद मैदानात बसल्या होत्या. त्यांची मागणी साधी होती, किमान वेतन, ग्रॅच्युइटी, पेन्शन. मधेच २०२१ ला कामासाठी दिलेले निकृष्ट मोबाईल सेविकांनी सरकारला परत केले, कारण फोन हँग व्हायचे आणि ॲप इंग्रजीत.

यातली मला सगळ्यात टोचणारी गोष्ट मार्च २०१८ ची. सरकारनं अंगणवाडी सेविकांना मेस्मा लावला, म्हणजे अत्यावश्यक सेवा, संप केला तर कारवाई. सभागृहात गदारोळ झाला तेव्हा त्याला स्थगिती मिळाली. मला हे कळत नाही की पगार मागायला गेलं की तुम्ही मानसेवी, कर्मचारी नाही, आणि संपावर बसलं की तुमच्याशिवाय राज्य चालत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल?

कोर्टात थोडं पुढे गेलंय ते मात्र तुम्हाला माहीत हवं. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या सेविका-मदतनीसांच्या केसमध्ये निकाल दिला, न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि अभय ओक यांच्या खंडपीठानं, की त्यांना ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो आणि त्यांना मिळणारं मानधन हे त्या कायद्याच्या दृष्टीनं वेतनच आहे. हे काम अर्धवेळ आहे हा सरकारचा मुद्दा पण कोर्टानं मानला नाही. त्याआधी २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेनं पण शिफारस केली होती की योजनांमध्ये काम करणाऱ्या बायकांना कामगार माना, किमान वेतन द्या. शिफारस तशीच पडून आहे.

आणि पाळणाघरांसाठी सरकारी योजना होती तिचे आकडे तर बघवत नाहीत. २०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत २५ मुलांना एक कार्यकर्ती आणि एक मदतनीस, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास, आणि मानधन कार्यकर्तीला ३००० आणि मदतनीसला १५००. हा आकडा दिल्लीत कोणीतरी टेबलावर बसून लिहिला. जी योजना गरीब कामकरी आयांच्या मुलांसाठी होती तीच दुसऱ्या गरीब बाईला एवढ्यात राबवत होती. मग खासगीवाला म्हणणारच ना, की मी तर आठ देतोय.

आपल्या महाराष्ट्रात हे असं असायला नको होतं, खरं सांगते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीत काम सुरू केलं, मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या पाड्यावर न्यायची, झाडाखाली, अंगणात, पुढे कोसबाडला तेच काम वाढलं. मुलांच्या आंघोळीपासून ते मणी, बिया, शिंपले वापरून मोजणीपर्यंत सगळं शास्त्र त्यांनी आदिवासी पाड्यावर बसून उभं केलं. ताराबाईंना १९६२ ला पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पुढे पद्मश्री. मान द्यायला आपण कमी पडलो नाही. पण दोघींचे फोटो लावलेल्या खोलीत आज जी ताई मुलांना धरून बसलीय तिला अपॉइंटमेंट लेटर नाही, हे मी स्वतः कितीतरी ठिकाणी बघितलंय.

आणि समाजाला आमची आठवण कधी येते, तर काहीतरी वाईट घडलं की. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली, सीसीटीव्हीत दिसलं, सगळीकडे तो व्हिडिओ फिरला. जे झालं ते भयंकरच होतं, त्याला माफी नाही. त्यानंतर सगळ्यांनी कॅमेरे लावले, पालक ऑफिसमधून मोबाईलवर बघायला लागले, ते पण ठीक आहे, माझी हरकत नाही. पण एका बाईकडे किती मुलं आहेत, तिला ट्रेनिंग दिलंय का, तिला दुपारी अर्धा तास डोकं टेकायला मिळतं का, हे त्यावेळी पण फार थोड्यांनी विचारलं आणि आज पण ॲडमिशनला येणारे पालक विचारत नाहीत. एसी आहे का विचारतात, इंग्लिश बोलतात का विचारतात. माझी पालकांना हात जोडून विनंती आहे, दोन प्रश्न विचारा, एका ताईकडे किती मुलं आणि ही ताई इथे किती वर्षं आहे. जिथे दर चार महिन्यांनी ताई बदलते तिथे तुमचं बाळ दर चार महिन्यांनी नव्यानं रडतं.

बदलतंय का, तर थोडं बदलतंय. २०१७ ला मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील त्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते, आईला दिवसातून चार वेळा भेटता येतं. अंमलबजावणी अर्धवट आहे, पण पुण्यात हिंजवडी, खराडीकडे जिथे कंपनी जागा देते किंवा फीचा वाटा उचलते तिथे ताईंचे पगार बाहेरच्यापेक्षा बरे आहेत, पीएफ कापला जातो, सुट्ट्या लिहिलेल्या असतात. काम तेच, फक्त तिसरीकडून पैसा आला. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते सहा वय पहिल्यांदा शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतलं, मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते असं त्यातच लिहिलंय, आणि बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा, त्याखालच्यांना वर्षाचा कोर्स ठेवलाय. पण कोर्स केल्यावर पगार किती याच्यावर त्यात ठोस आकडा नाही, आणि शिक्षणहक्क कायदा अजून सहा ते चौदालाच आहे, त्याच्या खालच्यांसाठी शासन व्यवस्था "करू शकेल" एवढंच. हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो, आणि तुमचं सगळं काम त्याच्या आधीचं आहे.

आता तुमचं. मॉलमध्ये जायचं तर जा, त्यात कमीपणा काही नाही, घर चालवायचंय, कोणी तुम्हाला "मुलांवर प्रेम नाही का" म्हणून भावनेत अडकवू नये, हे वाक्य मालक लोक पगाराच्या वेळी नेमकं काढतात. पण राहायचं असेल तर काही गोष्टी आधी करा.

पगार बँकेत मागा. रोख पगाराला पुरावा नाही, आणि चार वर्षांचा अनुभव कागदावर शून्य दिसतो. अपॉइंटमेंट लेटर नाही देत म्हणाल्या तर निदान लेटरहेडवर अनुभवाचं पत्र घ्या, त्यात कुठल्या वयाचा गट, किती मुलं, कुठलं काम, हे लिहून घ्या, नुसतं "असिस्टंट" नको. मला ट्रेनिंगला बायका येतात, दहा वर्षं काम केलेलं असतं आणि एक चिठ्ठी पण नसते, मग नवीन ठिकाणी परत फ्रेशर म्हणून लागतात, फार वाईट वाटतं.

पीएफचं बघा. वीस किंवा जास्त माणसं असली की पीएफ लागतो, ईएसआयला म्हणजे आजारपणाच्या सरकारी विम्याला पण अशीच माणसांची मर्यादा असते. तुमच्या सेंटरला सात-आठच जणी असतील म्हणून तुम्हाला सांगतील आपल्याला लागू नाही. पण एकाच मालकाच्या चार शाखा असतील तर पीएफसाठी सगळ्या शाखांची माणसं मिळून मोजतात, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. आणि मोजताना मावशी, ड्रायव्हर, कॉन्ट्रॅक्टवरचे, सगळे येतात. हे भांडायला म्हणून नाही सांगत, शांतपणे विचारा, पण एकटीनं नको, चौघी मिळून विचारा.

मे महिन्याचा पगार. नर्सरी बंद असते पण पाळणाघर चालू असतं, आणि बऱ्याच शाळा फी बारा महिन्यांची घेतात. तुमच्याकडे फी बारा महिन्यांची असेल तर पगार पण बारा महिन्यांचा, यावर मालकिणीकडे सांगायला काही नसतं. तसंच उशिरा नेणाऱ्या पालकांकडून जो लेट चार्ज घेतात, तो थांबणाऱ्या ताईला मिळाला पाहिजे, आमच्याकडे आम्ही तो पूर्ण द्यायचो. गॅदरिंगचे कपडे, तक्ते, क्राफ्ट घरी बसून रात्री करायला लावतात, त्याचे तास वहीत लिहून ठेवा. कोणी पैसे लगेच नाही देणार, पण पगाराचं बोलताना वही समोर असली की बोलणं वेगळं होतं.

अंगणवाडी सेविकेची भरती तुमच्या भागात निघते का त्यावर लक्ष ठेवा, बारावी पास आणि स्थानिक रहिवासी ही मुख्य अट, वयाची मर्यादा असते ती जाहिरातीत नीट बघा. पैसे अजून पुरेसे नाहीत, पण तिथे संघटना आहे, आणि गेल्या आठ-दहा वर्षांत जी काय वाढ झाली ती संघटनेमुळेच झाली. खासगी पाळणाघरातल्या बायका विखुरलेल्या आहेत, एका इमारतीत तिघी, दुसरीत दोघी, एकमेकींना ओळखत पण नाहीत. तुमच्या भागातल्या सात-आठ सेंटरच्या ताईंनी नुसता एक व्हॉट्सॲप ग्रुप करून कुठे किती पगार आहे एवढं एकमेकींना सांगितलं तरी फरक पडतो, मी पडलेला बघितलाय, कारण चांगली ताई गेली की तिच्यामागून चार पालक जातात हे प्रत्येक मालकिणीला माहीत असतं.

आणि हे सगळं बोलायचं ते जानेवारी-फेब्रुवारीत बोला. जूनच्या ॲडमिशनची फी तेव्हा ठरत असते. एकदा माहितीपत्रकात फी छापली की मालकीण म्हणते आता माझ्या हातात काही नाही, आणि तेव्हा ती खरंच बोलत असते.